चुन्याचे पदर

शनिवारपासून चुनकळी भिजतेय अंगणात.
पाणी ओतलं तेव्हा अशी खदखदली
की मांजर पळालं ते थेट इदालिनाच्या छपरावर.
आता निवलीय, वर साय धरलीय.
त्यात मूठभर मीठ, पळीभर ऑलिव्हचं तेल.
तळणीचं उरलेलं नव्हे, चांगलं.
भिंतीला उष्टं चालत नाही.

झेफेरिनोनं लक्झेंबर्गहून चार डबे पाठवलेत
प्लास्टिक रंगाचे.
"आई, दहा वर्षांची गॅरंटी!"
म्हटलं, माझी कोण देतंय?
तो हसला नाही. मागे मिक्सर फिरत होता,
काँक्रीटचा. तिथे तो दुसऱ्यांच्या भिंती करतो
आठवडाभर, आणि रविवारी झोपतो.

आधी आतलं.
आत आवरल्याशिवाय बाहेर पांढरं करणं
म्हणजे पारोसं राहून इस्त्रीचे कपडे घालणं,
असं फेलिश्बेला म्हणायची, माझी सासू.
नजरेत ओळंबा घेऊनच जन्मलेली.
तळाचा निळा पट्टा दोरीवरून बोटभर सुटला
तर ती बोलायची नाही काही,
खुर्ची आणून
त्याच्यासमोर बसायची.

धुराड्यावरच्या थाळ्या उतरवल्या, चौदा,
त्यातल्या तीन चिकटवलेल्या.
खण टेबलावर उपडा केला :
कुलपं हरवलेल्या किल्ल्या, बुचाचा भोवरा,
नवऱ्याचा चष्मा,
ज्यातून आता मलाच बरं दिसतं.
किल्ल्या टाकायच्या म्हणून वेगळ्या काढल्या,
पुसल्या,
आणि वेगळ्याच ठेवून दिल्या.

कपाट हलवायला इदालिनाचा भाचा आला,
तोंडात च्युइंगगम, अंगात बैलाचं बळ.
कपाट सरकलं आणि मागच्या भिंतीचा
एक पापुद्रा सुटून आला हातात.
पापुद्रा कसला, पावाच्या कडेएवढा जाड.
चष्मा लावून उजेडात धरला.
एकावर एक पांढऱ्या रेघा, वर्षाला एक.
वरचे एकेचाळीस पदर माझे,
कुठे जाड, कुठे घाईचे,
झेफेरिनो तापाने फणफणला त्या वर्षीचा तर दिसतही नाही.
खाली तिचे. सरळ, सारखे, तोंड मिटलेले.
आणि त्या तिच्यांत, बरोबर मधोमध,
एक गुलाबी.

फिकट वगैरे नाही. डाळिंबी म्हणावा असा.
एकच वर्ष.
पुढच्याच वर्षी त्यावर पांढरा, दोन हातांचा.

इदालिनाची आई एक्याण्णव वर्षांची, तिला विचारलं.
"फेलिश्बेला? गुलाबी? छे!"
मग तोंडावर हात धरून इतकी हसली
की इदालिना पाणी घेऊन धावली.
पुढे काही सांगेना.
सूप मागितलं.

बाहेरचं काम तीन दिवस चाललं.
वेताच्या काठीला कुंचा बांधून वरचं,
गुडघ्यावर बसून खालचं,
संत्र्याच्या बुंध्याला कमरेपर्यंत,
कुंपणाच्या भिंतीला दोन्ही अंगांनी.
पलीकडची बाजू कुणी बघत नाही,
करकोचे सोडून.
खांदा बोलायला लागला की थांबायचे,
तो गप्प झाला की पुन्हा.
प्लास्टिक रंग खुराड्याला लावला.
कोंबड्यांना आता दहा वर्षांची गॅरंटी आहे.

शेवटी निळा पट्टा.
दोरी बांधली, ताणली, तरी हात हलला.
दारापासून खिडकीपर्यंत रेघ
चढत गेली, उतरत गेली.
उलटं पुसायला फडकं घेतलं होतं,
ते खांद्यावर टाकलं.
खुर्ची आणली
आणि त्याच्यासमोर बसले,
दिवे लागेपर्यंत.
वाईट नव्हता.

आत येऊन आवरलेला खण उघडला.
किल्ल्यांशेजारी तो पापुद्रा ठेवला,
कड वर करून, गुलाबी दिसेल असा.
खण लागेना.
जरा दाबला.